झोपाळ्याच्या दोन कड्या

अगं, मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहून द्या म्हणून चिटणीस घरी येऊन गेले. नमुना म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणावर लिहिलेलं सोबत आणलं होतं. त्यात जन्म कुठला, शिक्षण काय, किती विद्यार्थी घडवले, मागे कोण कोण आहे, सगळं होतं. मी म्हटलं, हे मला जमायचं नाही. तू जन्मलीस तेव्हा मी तिथे नव्हतो. शिक्षण मला कळत नाही. आणि विद्यार्थ्यांचं तर नावच काढू नका, त्या विषयावर माझं डोकं फिरतं. ते म्हणाले, "मग तुम्हाला येईल ते लिहा." मला भांडण येतं. आपलं अर्धं राहिलंय, तेच लिहायला बसलोय.

आधी बातमी सांगतो. आपला झोपाळा मागितलाय.

परेशने मागितलाय. फौजदार व्हायचं म्हणून तुझ्याकडे आलेला आणि शेवटी स्वतःच क्लासवाला झालेला तो परेश. तरसालीला त्याने स्पर्धा परीक्षांचा क्लास काढलाय, एसीवाला. आत शिरल्याबरोबर समोर तुझा फोटो लावायचा आणि त्याच्याखाली आपला झोपाळा टांगायचा, असं त्याच्या मनात आहे. आपल्या वर्षाने हो म्हणून टाकलं. मला म्हणाली, "बाबा, रोज शंभर पोरं आईची आठवण बघतील." मला शंभर पोरांनी बघायला नकोय. आत्तापर्यंत बघितली तेवढी पुष्कळ झाली.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. लोक आता येतात आणि म्हणतात, काका, किती अभिमान वाटत असेल तुम्हाला. अभिमान वाटतो तो त्यांना. मला जळायला होतं. तू होतीस तेव्हाही व्हायचं. मला वाटलं होतं तू गेल्यावर थांबेल. कोणाशी जळायचं आता? तर ते वाढलंच आहे.

तुला आठवतं ना, आपल्या घराची रचनाच वाईट. दांडिया बाजारात खाली माझी पिठाची गिरणी, इथल्या भाषेत घंटी, आणि वर तुझा क्लास. घंटी सुरू असली की वर बोललेलं वरच्यांनाही ऐकू जायचं नाही. म्हणून संध्याकाळी, नेमकी बायकांची दळण टाकायची वेळ, तेव्हा मी घंटी बंद ठेवायची. "काका, आजे पण बंध?" म्हणत डबे घेऊन माघारी जायच्या. मी म्हणायचो, "वर विज्ञान चालू आहे." म्हणताना जरा ऐटीत म्हणायचो, ते तुला कधी कळू दिलं नाही.

पट्टा थांबला की हवेतलं पीठ हळूहळू खाली बसतं. आणि मग वरून तुझा आवाज खाली यायला लागायचा. बस एकदम थांबली की माणूस पुढे का पडतो. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून का येतो. पोलीस भरतीची, तलाटीची, रेल्वेची, सगळी पोरं एकत्र, आणि सगळ्यांना हेच प्रश्न. एकाला नाही कळलं की तू पुन्हा सांगायचीस. दुसऱ्याला नाही कळलं की परत पहिल्यापासून, नवीन उदाहरण घेऊन, आवाज जराही न चढवता. मी खाली पोत्यावर बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, ही कोण बाई आहे? माझ्या घरात राहते ती तर ही नव्हे. मी एकदा विचारलं होतं, फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड का होत नाही. तू म्हणालीस, "अहो, आधी दार लावा, दूध नासेल."

अजून उत्तर दिलेलं नाहीस.

आणि ते किलोचं भांडण. तू वरून खाली आलीस, माझ्या तराजूकडे बोट दाखवलंस आणि गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, "हे वजन नाही, हे वस्तुमान आहे. वजन न्यूटनमध्ये मोजतात." त्या बाईने गहू परत पिशवीत घातला. तिला वाटलं, माझ्या काट्यात खोट आहे. मी म्हटलं, "आता काय न्यूटनमध्ये दळून देऊ लोकांना?" तू हसलीस आणि वर गेलीस. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तोच किस्सा सांगितलास. वर सगळे खो खो हसले. मी खाली एकटा होतो.

खरं म्हणजे माझी हार पहिल्याच दिवशी झाली होती. तुम्ही दांडिया बाजारातले कारकुनी दप्तरातले, घरात पुस्तकं. आम्ही पागेतले शिपाईगडी, आजोबांची तलवार भिंतीवर आणि घरात आठवीच्या पुढे कोणी नाही. तू दळण घेऊन आलीस, पिठाच्या डब्यात हात घातलास आणि विचारलंस, "पीठ गरम का येतं?" मी म्हटलं, "दगडावर दगड घासतो म्हणून." तू म्हणालीस, "बरोबर. घर्षण." घरी माझ्या आईला मी सांगितलं की एक मुलगी माझ्याशी बोलली. वर्षभर मी तेच समजत होतो. पुढे लग्न झाल्यावर कळलं, तू माझ्याशी नव्हतीस बोललेली, पिठाशी बोलली होतीस.

तुझ्या त्या सफरचंदवाल्या साहेबाचं मला काही वाटायचं नाही, तो मेलेला आहे. पण जिवंत पोरं जिना चढून रोज यायची आणि माझी बायको त्यांना मिळायची, ताजी. मला मिळायची ती क्लास संपल्यावरची. घसा बसलेली, पाय दुखणारी, "आता काही विचारू नका" म्हणणारी.

म्हणून तो झोपाळा माझा होता. लग्नानंतर घरात मी आणलेली ती पहिली वस्तू. जुन्या लाकडाच्या बाजारातून सागाची फळी, आणि साखळ्या लोहाराकडून करून घेतलेल्या, एकेक कडी मुठीएवढी. क्लास सुटला, पोरं गेली की चहा घेऊन आपण त्यावर बसायचो. तू उजवीकडे, मी डावीकडे. मी उंच, तू बुटकी, तरी तुझे पाय जमिनीला लागायचे. कधी तू झोका द्यायचीस, कधी मी. तेवढा वेळ विज्ञान बंद. असं मला वाटायचं.

मग तू तोही पोरांना दिलास.

लंबकाचा धडा. दोऱ्याला दगड बांधून दाखवता आला असता, गाईडमध्ये तसंच चित्र आहे, वर्षाने मला दाखवलं. पण तू म्हणालीस, घरात एवढा मोठा लंबक टांगलेला असताना दोरा कशाला? एक बारकी पोरगी बसव, झोके मोज, घड्याळ बघ. मग जाड्या पोराला बसव, पुन्हा मोज. आणि मग जिन्यावरून खाली हाक, "अहो, जरा वर या ना, एक जड माणूस हवाय!"

दर बॅचला ही हाक यायची. मी कधीच आलो नाही. तू संध्याकाळी विचारायचीस, "काय बिघडलं असतं आला असतात तर?" आज सांगतो. तू जड माणूस बोलावत होतीस, मला बोलावत नव्हतीस. नवरा हवाय म्हणून हाक मारली असतीस तर दोन-दोन पायऱ्या गाळत आलो असतो.

आणि तो प्रश्न. झोपाळ्यावर एक मुलगी बसली आहे. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. तर झोक्याला लागणारा वेळ, अ, वाढेल. ब, कमी होईल. क, तेवढाच राहील. ड, सांगता येणार नाही. हा प्रश्न मी खालून इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही म्हणेन. तू म्हणायचीस, क. वजनाने काही फरक पडत नाही, वेळ फक्त साखळीच्या लांबीवर ठरतो. एक बसा, दोघे बसा, तेवढाच.

त्या संध्याकाळी चहा पिताना मी म्हटलं, "ड."

"काय ड?"

"सांगता येणार नाही. कोण येऊन बसलं त्यावर आहे."

"अहो, परीक्षेत असं लिहिलंत तर मार्क कापतात."

"कापू देत. तू नसताना बसतो तेव्हा हा वेगळा चालतो."

"मोजून बघा."

"मोजायचं कशाला? मला कळतं."

"नापास," तू म्हणालीस, आणि माझ्या बशीतला चहा पिऊन टाकलास. हे भांडण आपलं पुढे कितीतरी वर्षं चाललं. तू क, मी ड. मिटलं नाही. मिटवायची घाई मला तरी नव्हती, मला वाटायचं वेळ आहे.

तुझ्या बेसण्याला, सांत्वनाला म्हणून, केवढे लोक आले होते माहीत आहे? जिन्यावर चपलांचा ढीग. एक बाई पोलीस गणवेशात आली, फोटोसमोर टोपी काढून बसली आणि ढसाढसा रडली. मी नाही रडलो. मला तिचा राग येत होता. माझ्याआधी रडायचा हिला काय हक्क? मग एकेक जण माझ्याजवळ येऊन बसला आणि प्रत्येकाकडे तुझी एक गोष्ट, मला माहीत नसलेली. एक म्हणाला, "बेन हसताना चष्मा काढायच्या." तू चष्मा काढायचीस हसताना? माझ्यासमोर तर झोपताना काढायचीस. इतकी वर्षं मी तुला हसवत होतो की नुसतंच तू तोंडदेखलं हसत होतीस? आता विचारणार कोणाला?

दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, भाग्यवान, काही इच्छा मागे राहिली नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मी घाटावर उभा राहून त्या कावळ्याकडे बघत होतो. काहीच राहिलं नाही? माझ्यातही नाही? जरा तरी थांबायचंस गं. मला दोन गोष्टी कबूल करायला लावायच्या होत्या तुला, भिंतींना रंग लावून घ्यायचा होता. इतक्या चटकन?

बेसण्यातच परेशने झोपाळ्याचं काढलं होतं. वर्षा हो म्हणाली. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. सगळे गेले आणि एक मुलगी मागे राहिली, हेतल. तुझ्या शेवटच्या बॅचची, वाघोडियाहून बसने यायची ती, वडील तिथल्या कारखान्यात आहेत. वर्षाबरोबर चहाचे कप विसळत होती. मग पदर, म्हणजे ओढणीला हात पुसत माझ्यासमोर आली.

"काका, एक वात कहुं? खोटुं ना लगाडता."

मी म्हटलं, बोल. वाईट वाटून घ्यायचं सध्या माझ्याकडे फार आहे, त्यात एकाची भर.

तिने गुजरातीत सांगितलं, मी आपल्या भाषेत लिहितो. म्हणाली, "काका, आमचा लंबकाचा धडा राहिलाय. बेन म्हणाल्या होत्या, सोमवारी झोपाळ्यावर घेऊ. तो सोमवार आला नाही. भरतीची परीक्षा जवळ आहे. झोपाळा गेला तर आम्ही कशावर शिकणार?"

मी म्हटलं, "गाईडमध्ये आहे ना. क. पाठ कर."

"क मला माहीत आहे. पण कडीची गोष्ट बेनकडून ऐकायची होती. माझ्या मोठ्या बहिणीने सांगितली, तिच्या बॅचला ऐकवलेली. पण बेनच्या तोंडून ऐकायची होती."

"कसली कडीची गोष्ट?"

तिने आत वर्षाकडे बघितलं. तिला वाटलं, मला माहीत असेल. वर्षा आतून म्हणाली, "सांग ना गं." म्हणजे वर्षालाही माहीत होती.

तुझे गुडघे गेले त्या वर्षी झोपाळ्यावरून उठताना तुला फार कळ यायची. बसायला खाली आणि उठायला वर. तू कधी बोलली नाहीस, पण उठताना फळीला धरायचीस ते मला दिसायचं. मग एक दिवस तू बाजारात गेलेली असताना मी स्टुलावर चढलो आणि साखळ्या आकड्यावर दोन-दोन कड्या वर चढवल्या. फळी उंच झाली, तुला उठायला सोपं. तुला सांगितलं नाही. तू आलीस, बसलीस, चहा प्यायलीस, एक शब्द बोलली नाहीस. मी समजलो, तुला कळलंच नाही.

हेतल म्हणाली, त्याच आठवड्यात तू लंबकाचा धडा घेतलास. वर्षानुवर्षं झोके तेवढे आणि वेळ तेवढा. त्या दिवशी वेळ कमी भरला. तू पोरांना रागावलीस, नीट मोजा म्हणालीस. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. तिसऱ्यांदा तू स्वतः मोजलंस. मग तू वर बघितलंस. आकड्याच्या पलीकडे दोन-दोन कड्या रिकाम्या लोंबत होत्या.

आणि तू क्लासला सांगितलंस, "बघा, लांबी कमी झाली की वेळ कमी होतो. हे सूत्र पाठ नाही केलंत तरी चालेल, ही गोष्ट पाठ करा. ह्यांनी माझ्या गुडघ्यांसाठी साखळी आखूड केली आणि मला सांगितलं नाही. मला वाटलं पृथ्वीचं काही बिघडलं."

पोरं हसली असतील. मग म्हणे तू चष्मा काढलास आणि म्हणालीस, "पण गुडघ्यांसाठी एक कडी पुरली असती. एका कडीत माझे पाय जमिनीला टेकले असते. दुसरी कडी ह्यांनी स्वतःसाठी चढवली. आता माझे पाय पोचत नाहीत. झोका हवा असेल तर ह्यांना बोलवावंच लागतं."

त्या पोरीने हे सांगितलं तेव्हा मी कुठे बघावं मला कळेना. मी वरच्या आकड्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती घाबरली, म्हणाली, "काका, खोटं वाटलं का?"

खोटं कसं वाटेल? खरं होतं म्हणून तर. मी स्टुलावर उभा होतो, एक कडी चढवली होती, उतरायला पाहिजे होतं. नाही उतरलो. दुसरीही चढवली. ते मी माझ्याशीसुद्धा बोललो नव्हतो. आणि तू ते घड्याळावर पकडलंस! पकडलंस आणि पोरांना सांगितलंस. त्या बॅचला, पुढच्या, त्याच्या पुढच्या. या जिल्ह्यातले निम्मे तलाटी आणि हवालदार जाणतात की दांडिया बाजारातल्या घंटीवाल्याला बायको शेजारी हवी असते. रेल्वेत तिकीट तपासणारा जाणतो. बेसण्याला आलेला प्रत्येक जण माझा हात धरून, गालात हसल्यासारखं करून जात होता ते काय, हे मला तेव्हा कळलं. फक्त मला माहीत नव्हतं. पुन्हा मीच खाली, आणि तुम्ही सगळे वर.

मला इतका राग आला की मी दोन दिवस तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. रागात घंटी सुरू केली, गिऱ्हाईक नसताना. रिकामा दगड फिरवला, वर्षा धावत खाली आली. "बाबा, जळेल दगड!" मी म्हटलं, "जळू दे. मीही जळतोय."

मग तिसऱ्या दिवशी घंटीजवळ बसल्या बसल्या मला एकदम हसू आलं. दुसरी कडी. अगं, तू एक शब्द बोलली नाहीस. गुडघ्याने, मापाने, एक कडी पुरे होती, तुला माहीत होतं. "एक खाली घ्या" म्हणाली असतीस तर घेतली असती, निमूट. नाही म्हणालीस. रोज चहा घेऊन उंच फळीवर लहान पोरीसारखे पाय लोंबकळवत बसलीस आणि म्हणत राहिलीस, "अहो, द्या ना जरा झोका." मला वाटायचं मी तुला फसवलंय. तू फसवून घेत होतीस. रोज. इतकी वर्षं मी ज्या पोरांवर जळत होतो त्यांना तू वर बसून काय सांगत होतीस, तर माझी गोष्ट.

तरी जळतोच. ते जाणार नाही. तुझ्या तोंडून ऐकली त्यांनी, मी नाही.

रविवारी परेश आला. टेम्पो, दोन माणसं, पाने, दोरखंड. पाया पडला. मी विचारलं, "नेऊन यावर बसवणार कोणाला?"

"बसायचं नाही काका. लाल दोरी लावणार सभोवती. म्युझियमसारखं."

"म्हणजे हलणार नाही?"

"ना काका, सेफ्टी. कोणी पडलं-बिडलं तर?"

"मग परेश, बेनने शिकवलेलं सांग मला. न हलणाऱ्या झोपाळ्याच्या झोक्याला किती वेळ लागतो?"

तो मग डोकं खाजवत म्हणाला, "काका, हा परीक्षेत येत नाही."

"तेच तर. फोटो ने. झोपाळा नाही मिळणार."

वर्षा मधे पडायला लागली, "बाबा, मी शब्द दिलाय." मी म्हटलं, "तू शब्द दिलास, फळी माझी आहे." परेश वाईट पोरगा नाही. रुसला नाही. जाताना जिन्यात थांबला आणि म्हणाला, "काका, कडी उतरवू नका हां." मी चप्पल उचलली तेव्हा पळाला.

फोटो मी खुशाल दिला. त्या फोटोत तुझा चेहरा क्लासचा आहे. तो त्यांचाच.

त्याच दुपारी हेतल आणि तिची बॅच आली. मी वर्षाला पाठवून बोलावलं होतं. पोरं जिन्यावर चपला काढून चुपचाप बसली, जशी तुझ्यासमोर बसायची. शिकवणार कोण? हेतलने गाईड उघडलं, मोठ्याने वाचायला लागली. एका पोराने भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले. आधी ती एकटी बसली. पोरं झोके मोजत होती. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणी बोललं नाही, पण मला ऐकू आली ती हाक. अहो, एक जड माणूस हवाय.

मी उठलो. हेतल उजवीकडे सरकत होती. मी म्हटलं, "तिथे नाही. मधे बस." ती मधे बसली. मी डावीकडे बसलो. उजवीकडची जागा मोकळी ठेवली. तुला राग येऊ नये म्हणून नाही. मला येऊ नये म्हणून.

मोजलं. घड्याळवाला पोरगा ओरडला, "एनुं ए ज!" तेवढाच वेळ. सगळ्यांनी माना डोलावल्या, क लिहिलं. मग हेतल फळीवर उभी राहिली, तेव्हा वेळ कमी भरला, तेही गाईडसारखं. शेवटी तिने वर आकड्याकडे बघितलं आणि जरा भीत भीत म्हणाली, "काका, लांबीचं दाखवायला एक कडी उतरवायची?"

मी म्हटलं, "ती कडी उतरायची नाही. तेवढं पाठ करा."

पोरं हसली. मीही हसलो. हसताना चष्मा काढला, काचेवर काहीतरी आलं होतं.

संध्याकाळची घंटी मी बंदच ठेवली आहे. पोरं येतात, एकमेकांना वाचून दाखवतात, चुकतात, भांडतात. तुझ्यासारखं कोणी सांगत नाही. मी खाली पोत्यावर बसून ऐकतो आणि मला बरं वाटतं की तुझ्यासारखं कोणी सांगत नाही. हे तुला आवडणार नाही, पण आहे ते आहे. परीक्षा झाली की पास होणारे पेढे घेऊन येतील. मी घेईन. तुझ्या वाटणीचाही मीच खाईन.

पोरं गेल्यावर मी चहा घेऊन वर येतो. माझ्या जागेवर बसतो आणि पायाने झोका देतो. काल मी घड्याळ समोर ठेवून मोजलं, तू म्हणायचीस तसं. तुझ्या क्लासमध्ये दोघं बसवून भरायचा तो वेळ हेतलने मला सांगितला, तुझ्या वेळेपासून पोरांच्या पाठ आहे तो. एकट्याचाही तेवढाच भरला. क. तू जिंकलीस. तू गेलीस आणि ह्या लाकडाला फरक पडला नाही.

पण एक तुझ्या गाईडमध्ये नाही. मी डावीकडे बसतो, उजवीकडे कोणी नाही, त्यामुळे फळी माझ्या बाजूला कलते आणि झोपाळा वाकडा जातो. वेळ तेवढाच, पण वाकडा. चारांत हा पर्याय कुणी दिलाच नव्हता, म्हणून मी ड म्हणत होतो.

वर्षा दारातून बघत असते. म्हणते, "बाबा, मधे बसा ना, सरळ जाईल."

मला माहीत आहे सरळ जाईल. मी मधे बसणार नाही.